टेकडी गेली, दगड राहिले

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या गावात ती टेकडी आता नाही. तुटक्या माथ्याची, काळपट, उघडीबोडकी टेकडी होती, तिच्यावरूनच गावाला नाव पडलं. गावानं ती फोडली, कुटली, भट्टीत वितळवली आणि आगगाडीत भरून समुद्राकडे धाडली. तिच्या जागी आज भर गावात राखाडी चुऱ्याचे डोंगर उभे आहेत. दगड दळून त्यातला धातू काढून घेतला की जे उरतं, ते हे. गावातले लोक त्याला ‘स्किम्प’ म्हणतात. बाजारातल्या कुठल्याही आडव्या रस्त्यावर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं तर टोकाला हेच ढिगारे दिसतात.

मी ॲडलेडला राहतो. तिथून बॅरियर हायवे धरला की बर्रा, टेरोवी, युंटा, ओलरी, कॉकबर्न अशी गावं मागे टाकत पाचशे किलोमीटरवर ब्रोकन हिल येतं. लाल माती, खुरटी निळसर ‘सॉल्टबुश’ आणि नजर ठरणार नाही इतकं मोकळं रान. सरकारदरबारी हे गाव न्यू साउथ वेल्सचं. राजधानी सिडनी अकराशे किलोमीटरहून लांब. पण गावातली घड्याळं ॲडलेडच्या वेळेवर चालतात, कारण गावाचा माल पहिल्यापासून आमच्या बाजूनं बाहेर पडला. सिडनीच्या सरकारनं इथवर रेल्वे आणायला कधीच घाई केली नाही. म्हणून १८८८ मध्ये एका खाजगी कंपनीनं साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीपर्यंत छोट्या गेजचा रूळ टाकला आणि खाणीतलं शिसं-चांदी पोर्ट पिरी बंदराच्या भट्ट्यांकडे जाऊ लागलं. सिडनीची गाडी थेट यायला १९२७ साल उजाडलं.

ही जमीन विल्याकाली लोकांची. त्यांच्या परंपरेत एका घायाळ कबुतराची कथा सांगतात. शिकाऱ्याचा वार लागलेलं ते पाखरू या रानावरून उडत गेलं आणि जिथं जिथं त्याचं रक्त आणि पिसं पडली, तिथं तिथं जमिनीत धातू झाले. गोऱ्या माणसाच्या नकाशात हे गाव येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या माणसांना ठाऊक होतं की या मातीतले दगड साधे नाहीत.

१८८३ च्या सप्टेंबरात माउंट गिप्स नावाच्या अफाट मेंढीरानात कुंपणाची राखण करणारा चार्ल्स रास्प हा जर्मन माणूस या टेकडीवर चढला. दगड काळे होते आणि हाताला फार जड लागत होते. हे कथिलाचं धातुक, म्हणजे कथिल असलेला दगड, असणार असं त्याला वाटलं. रानात तळी खोदण्याचं कंत्राट घेतलेले दोघे सोबतीला घेऊन त्यानं जागेवर हक्क सांगणाऱ्या खुंट्या ठोकल्या. रानाचा व्यवस्थापक जॉर्ज मॅककलकही सामील झाला. सगळे मिळून सात भागीदार, प्रत्येकी सत्तर पौंड. तपासणीत कथिल निघालंच नाही. थोडं शिसं निघालं आणि चांदी नावापुरती. धीर सुटलेल्यांनी हिस्से विकून टाकले. वर्ष-दीड वर्षानं पांढऱ्या केओलिन मातीच्या खिशांत भरघोस चांदी हाती लागली आणि ऑगस्ट १८८५ मध्ये ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी उभी राहिली. आज जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांत गणली जाणारी बीएचपी ती हीच. तिच्या नावातली पहिली दोन अक्षरं या टेकडीची आहेत.

टेकडीच्या पोटात काय होतं, ते सांगतो. शिसं, जस्त आणि चांदी यांचा साताठ किलोमीटर लांबीचा, कमानीसारखा वाकलेला साठा. मूळ धातुक सुमारे २८ कोटी टन. शिसं, जस्त आणि चांदी अशी एकाच जागी, इतक्या दाट प्रमाणात जगात क्वचितच आढळली आहेत. वय १६९ कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या साठ्यापुढे कालपरवाचा. साठा तयार झाल्यावर तो जमिनीत खोल गाडला गेला, सातशे-आठशे अंशांच्या उष्णतेत भाजून निघाला, दाबाखाली दुमडला गेला. त्या भाजण्यातच इथल्या खनिजांचे कण मोठे झाले. गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड, इथं असं मिळतं की हातोडीचा हलका ठोका दिला तरी काटकोनात तुटून चकचकीत पृष्ठं उघडी पडतात.

मग कोट्यवधी वर्षं वरचा भाग झिजत राहिला. पाऊस कमी, भूजल खारं. त्या खाऱ्या पाण्यातल्या क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिननं टेकडीच्या वरच्या थरातली चांदी पकडली आणि क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड अशी तिची खनिजं बनली. लोखंड आणि मँगनीज गंजून वर काळं टोपण झालं. रास्पनं पाहिली ती टेकडी म्हणजे हे टोपण. गावाचा नकाशा आखणाऱ्यांनी रस्त्यांना नावं दिली तीही याच थरांतली. मुख्य बाजारपेठ अर्जंट स्ट्रीट, म्हणजे चांदी. तिला आडवे जाणारे क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, सल्फाइड, ऑक्साइड. समांतर जाणारे ब्लेंड, बेरिल, कोबाल्ट, क्रिस्टल. अर्जंट आणि क्लोराइडच्या चौकात उभा राहतो तेव्हा मला खरंच भरून येतं. गावं राजांची नावं लावतात, गव्हर्नरांची लावतात. या गावानं दगडांची लावली.

या गावाविषयी बोलताना लोक टनांत आणि पौंडांत बोलतात. तो हिशोब खोटा नाही. ब्रोकन हिलच्या भट्ट्यांत धातुक वितळवायला लोहखनिज मिसळावं लागे. त्यासाठी बीएचपीनं साउथ ऑस्ट्रेलियात आयर्न नॉब इथलं लोहखनिज हाती घेतलं, आणि त्याच्याच जोरावर १९१५ मध्ये न्यूकॅसलचा पोलाद कारखाना सुरू केला. १९३९ मध्ये ती ब्रोकन हिल सोडून निघूनही गेली. दुसरी इथलीच झिंक कॉर्पोरेशन १९०५ ची. तिच्या स्थापनेत हर्बर्ट हूवर होता, जो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. तिच्यातून पुढे झालेली कंपनी १९६२ मध्ये रिओ टिंटोत विलीन झाली. आजच्या दोन महाकाय कंपन्यांची मुळं एकाच टेकडीत आहेत. कंपन्या मोठ्या झाल्या, गाव मात्र आक्रसलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तीस हजारांवर लोक राहत होते, आता साडेसतरा हजारांच्या आसपास राहतात.

पण मला ज्या नात्याविषयी सांगायचं आहे ते ताळेबंदात सापडत नाही. कंपनीला दगडात फक्त धातू दिसतो. दगड दगड म्हणून पाहिला तो खाणीत उतरणाऱ्या माणसांनी. ही टेकडी काय होती हे आज आपल्याला कळतं, ते त्यांच्यामुळे.

खाणीतल्या जेवणाला इथं ‘क्रिब’ म्हणतात आणि पत्र्याच्या डब्याला ‘क्रिब टिन’. पाळी संपवून वर येताना त्या रिकाम्या डब्यातून दगड बाहेर यायचे. सुरुंग उडाल्यावर एखाद्या पोकळीत स्फटिकांचा घोस दिसला, की तो जपून काढायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि घरी न्यायचा. कागदोपत्री तो कंपनीचाच. पण कंपनीच्या लेखी त्याची किंमत तो दळला गेल्यावर. डब्यात आला नसता तर तासाभरात चक्कीत गेला असता. आज लंडन, न्यूयॉर्क, सिडनी, मेलबर्न, ॲडलेड इथल्या संग्रहालयांत ब्रोकन हिलचे जे अप्रतिम नमुने आहेत, त्यातले कितीतरी अशाच एखाद्या डब्यातून वर आलेले.

एका निवृत्त खाणकामगाराच्या घरामागच्या शेडमध्ये मी असे दगड हातात घेऊन पाहिले आहेत. पत्र्याची शेड, आत लाकडी कपाटं, कपाटांत उथळ खण, खणांत जुन्या वर्तमानपत्रावर मांडलेले तुकडे. प्रत्येकाखाली पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी: कुठली खाण, कोणता लेव्हल (म्हणजे खाणीतला मजला), कोणतं साल. म्हातारबोवांनी एक तुकडा हातावर ठेवला तेव्हा हात चटकन खाली गेला, इतकं वजन. राखाडी चकचकीत गॅलेना आणि तिच्यात रुतलेले रोडोनाइट या मँगनीजच्या खनिजाचे लाल स्फटिक, काचेसारखे आरपार. उजेडाकडे धरले तर गाभ्यात गडद गुलाबी आणि कडेला जरा तपकिरी झाक. दुसऱ्या तुकड्यावर गार्नेट होते, डाळिंबाच्या दाण्यांसारखे दाटीवाटीनं बसलेले. त्यांनी सांगितलं की तो तुकडा काढायला त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारानं आपली जेवणाची सुट्टी घालवली होती, कारण कामाच्या वेळेत दगड जपायला कुणी देत नसे. जोडीदार आता नाही. चिठ्ठीवर त्याचंही नाव होतं.

रोडोनाइट आणि गार्नेट यांना खाणीत काडीची किंमत नव्हती. उलट तेच अडचण होते. शिशाचं धातुक फार जड असतं, पाण्याच्या प्रवाहात हलवलं की ते खाली बसतं आणि बाकीचा चुरा वाहून जातो. जस्ताच्या धातुकाचं, स्फॅलराइटचं, तसं नाही. त्याची घनता चारच्या आसपास. रोडोनाइटची साडेतीन, गार्नेटची चारच्या जरा वर. पाण्यानं हे तिघं वेगळे होईनात. त्यामुळे पहिली वीस वर्षं शिसं आणि चांदी काढून घेतली गेली आणि जस्त फेकून दिलं गेलं. गावाभोवती लाखो टन चुरा साठला. जस्त डोळ्यांसमोर होतं आणि कुणाला काढता येत नव्हतं.

तो गुंता सुटला फेसानं. धातुक तरंगवून वेगळं करायची युक्ती काढणारे चार्ल्स पॉटर आणि ऑगस्ट द बावे, दोघेही मेलबर्नचे, दोघांचाही धंदा बिअरच्या कारखान्यांशी जोडलेला. फेस कसा धरतो, कशाला धरतो, हे त्यांना चांगलं ठाऊक असावं असं मला नेहमी वाटतं. बीएचपीचा सरव्यवस्थापक डेलप्रा याचीही स्वतःची पद्धत होती. आम्ल घातलं की चुऱ्यातल्या कॅल्साइटमधून बुडबुडे सुटायचे, ते बुडबुडे सल्फाइडच्या कणांना चिकटायचे आणि कण घेऊन वर यायचे. जड धातुक तरंगायचं आणि हलका दगड तळाशी बसायचा. झिंक कॉर्पोरेशनच्या गिरणीतला लिस्टर हा फोरमन १९१२ च्या सुमारास शिशाचं धातुक आधी आणि जस्ताचं मागून, असं वेगवेगळं तरंगवायला शिकला. फेसासाठी तो निलगिरीचं तेल वापरत असे. ऑस्ट्रेलियातल्या रानात वाढणाऱ्या झाडाचं तेल, तिथल्याच दगडाच्या चुऱ्यात. लेस्ली ब्रॅडफर्डनं मोरचूद घातलं तर जस्ताचं धातुक फेसाला धरतं हे शोधलं.

आज जगातलं बहुतेक तांबं, शिसं आणि जस्त याच तरंगवण्याच्या पद्धतीनं वेगळं होतं. राजस्थानातल्या रामपुरा आगुचाच्या जस्ताच्या खाणीत हेच होतं, आणि आपल्या गोंदियापासून जवळ असलेल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतही हेच. वायर, पितळी भांडी, गॅल्व्हनाइज्ड पत्रा घरात कुठं ना कुठं असतोच. त्या सगळ्यांच्या मागे कुठंतरी हा फेस आहे. आणि फेसामागे ते गुलाबी आणि लाल दगड, ज्यांच्यामुळे जस्त अडून बसलं होतं.

मी नागपूरकडचा. माझे बाबा रामटेकजवळच्या मँगनीज खाणीत कारकून होते. मनसर, कांद्री, गुमगाव, भंडाऱ्यातलं चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावं ऐकत मी मोठा झालो. घरात काळी धूळ यायची, आई ओल्या फडक्यानं पुसून काढायची. त्या खाणींत मँगनीजच्या काळ्या धातुकासोबत एक दगड सापडतो, तामडी रंगाच्या गार्नेटचा आणि गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा. भूशास्त्रज्ञ फर्मरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला गोंड लोकांच्या नावावरून गोंडाइट म्हटलं. सोबत रोडोनाइटही मिळतो. ब्रोकन हिलच्या साठ्याभोवती हेच: मँगनीजयुक्त गार्नेट, गार आणि रोडोनाइट. दोन्हीकडे मँगनीजनंच दगडाला रंग दिला. त्या शेडमध्ये म्हातारबोवांनी गार्नेटचा बारीक दाण्यांचा तुकडा दाखवला, तेव्हा तो मनसरच्या रस्त्याकडेच्या ढिगातून उचलला आहे असं कुणी सांगितलं असतं तरी मी मान्य केलं असतं. त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी मनसरचं नाव चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं, मला अक्षर न अक्षर विचारून.

क्रिस्टल आणि ब्रोमाइडच्या कोपऱ्यावर अल्बर्ट केर्स्टन संग्रहालय आहे. तिथं रास्पच्या मालकीचं चांदीचं झाड आहे, ॲडलेडच्या स्टायनर या चांदीकारानं घडवलेलं; त्याखाली कांगारू, एमू, माणसं, सगळं बारीक कोरलेलं. लोक त्यापाशी थांबतात. मी थांबतो ते सेरुसाइटपाशी. शिशाचं कार्बोनेट, पण पांढऱ्या काड्या अशा एकमेकींत गुंफलेल्या की जाळीच झाली आहे. श्वास लागला तर मोडेल असं वाटतं, आणि हे सुरुंगांच्या जगातून वर आलं आहे.

ब्रोकन हिलमध्ये तीनशेहून अधिक प्रकारची खनिजं सापडली आहेत. काही जगात पहिल्यांदा इथंच ओळखली गेली. रास्पाइट, रास्पच्या नावाचं. मार्शाइट, तांब्याचं आयोडाइड. किंटोराइट, किंटोर नावाच्या उघड्या खाणीवरून. आणि मॉबीइट, मॉरिस मॉबी यांच्या नावानं. मॉबी इथंच वाढलेले धातुशास्त्रज्ञ, पुढे मोठ्या खाण कंपनीचे अध्यक्ष झाले. पण मला ते आठवतात वेगळ्या कारणानं, आणि त्यासाठी आधी अल्बर्ट मॉरिसविषयी सांगायला हवं.

मॉरिस सेंट्रल खाणीत धातुपरीक्षक होता. दिवसभर धातुकाचे नमुने जाळून, तोलून त्यात चांदी किती आणि शिसं किती ते सांगायचं, हे त्याचं काम. उरलेल्या वेळात तो वनस्पती अभ्यासायचा. खाणीला टेकू आणि भट्टीला सरपण म्हणून गावाभोवतीची झाडं केव्हाच तुटली होती. जे राहिलं ते शेळ्यांनी आणि सशांनी खाल्लं. वाळूची वादळं गावावर यायची, घरांच्या भिंतींना वाळू लागायची. मॉरिसचं म्हणणं असं होतं की जमिनीला फक्त मोकळं सोडा. कुंपण घाला, जनावरं बाहेर ठेवा, रान आपलं आपण परत येईल. १९३६ मध्ये झिंक कॉर्पोरेशननं त्याला जागा दिली, कुंपण घातलं आणि रान खरोखरच आलं. मग गावाच्या कडेनं आणखी पट्टे राखले गेले. मॉबी त्याच्या सोबत होते. मॉरिस १९३९ च्या जानेवारीत गेला. त्याचे पट्टे अजून आहेत. सॉल्टबुश, मल्गा आणि पावसानंतर उगवणारी रानफुलं. धातू मोजणाऱ्या माणसाला या मातीची दुसरी बाजूही दिसली, याचं मला फार मोल वाटतं.

शिशाविषयी मात्र इतक्या समाधानानं लिहिता येत नाही.

ढिगाऱ्याच्या माथ्यावर, गंजलेल्या पोलादाचं, कामगारांचं स्मारक आहे. २००१ मध्ये ते उघडलं. आत भिंतींवर खाणीत मेलेल्या आठशेहून अधिक माणसांची नावं आहेत आणि नावापुढे मरणाचं कारण. दगड कोसळला. शाफ्टमध्ये पडला. सुरुंग. आणि कितीतरी नावांपुढे शिसं. शिशाची बाधा झालेल्या माणसाला इथं ‘लेडेड’ म्हणत. पोटात कळा, हिरड्यांवर निळी रेघ, मनगटं लुळी. धुळीनं फुप्फुसं गेली ती वेगळीच. मी ती नावं वाचत गेलो तेव्हा वाऱ्यानं पोलाद घुमत होतं आणि खाली अख्खं गाव, रस्त्यांच्या सरळ रेघांसकट, दिसत होतं.

ही माणसं गप्प बसली नव्हती. १८९२ चा संप, १९०९ ची टाळेबंदी, आणि मे १९१९ पासून नोव्हेंबर १९२० पर्यंतचा अठरा महिन्यांचा संप. त्या शेवटच्या लढ्यातून जे मिळालं ते तेव्हा जगात कुठंच नव्हतं म्हटलं तरी चालेल: आठवड्याला पस्तीस तास आणि जमिनीखाली रात्रपाळी बंद. धूळ आणि शिसं यांनी शरीर किती झिजतं याची डॉक्टरी तपासणी झाली आणि बाधितांना भरपाई मिळू लागली. सल्फाइड आणि ब्लेंडच्या कोपऱ्यावर युनियनचं देखणं सभागृह आजही उभं आहे. माझ्या बाबांच्या खाणीतही युनियन होती. कामगाराच्या छातीचा हिशोब मागणाऱ्यांविषयी मला लहानपणापासून आदर आहे, आणि ब्रोकन हिलला तो वाढला.

पण शिसं खाणीतच राहिलं नाही. ते ढिगाऱ्यांवरून, जुन्या भट्ट्यांच्या धुरातून गावाच्या अंगणात उतरलं. १९९१ पासून लहान मुलांच्या रक्तातलं शिसं पद्धतशीर तपासलं जातं. आकडे पहिल्यापेक्षा पुष्कळ खाली आले आहेत, तरी ते शून्य झालेले नाहीत, आणि आदिवासी मुलांमध्ये ते इतरांपेक्षा जास्त आहेत. आयांना सांगितलं जातं: फरशी ओल्या फडक्यानं पुसा, जेवणाआधी मुलांचे हात धुवा, अंगणातल्या मातीत खेळू देताना लक्ष ठेवा. हे वाचताना मला रामटेकचं घर दिसतं. ज्या जमिनीतून देशाची श्रीमंती निघाली, तिथल्या दोन वर्षांच्या पोरानं ती रक्तात का वागवावी? या प्रश्नाला एकशे चाळीस वर्षांत पुरेसं उत्तर मिळालेलं नाही, आणि ते द्यायची जबाबदारी आयांच्या फडक्यावर टाकून चालणार नाही.

हे शिसं कुठवर गेलं, ते २०१४ मध्ये कळलं. अंटार्क्टिकातल्या बर्फाचे खोल गाभे काढून शास्त्रज्ञांनी वर्षागणिक थर तपासले. १८८९ च्या सुमाराच्या थरात एकाएकी शिसं वाढलेलं दिसलं. शिशाचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनांचे अणू, ज्या प्रमाणात असतात, त्यावरून ते कुठल्या खाणीचं हे ओळखता येतं. ब्रोकन हिलचं शिसं १६९ कोटी वर्षांपूर्वीच युरेनियमपासून वेगळं झालं, त्यामुळे त्याचं प्रमाण तिथंच थांबलं आणि ते इतरांत मिसळून जात नाही. बर्फातल्या शिशाची खूण या टेकडीकडेच बोट दाखवत होती. पोर्ट पिरीच्या भट्ट्या नुकत्या पेटल्या होत्या. दक्षिण ध्रुवावर आमुंडसेन पोचला १९११ मध्ये. त्याच्या बावीस वर्षं आधी ही टेकडी धूर होऊन त्या खंडावर पोचली होती.

आणि जस्ताचं नातंही अजून चालतंच आहे. गावाबाहेर त्रेपन्न मेगावॉटचं सौर ऊर्जा केंद्र आहे. तिथल्या सौर पट्ट्या कॅडमियम टेल्युराइडच्या आहेत, आणि कॅडमियम हा धातू जस्त काढताना सोबत मिळतो. कुंपणाबाहेरून ते काळे पट्टे पाहताना मी हाच विचार करत होतो की या गावाचा जस्ताशी संबंध तुटणं शक्य नाही. जमिनीखालचं कामही थांबलेलं नाही. साठ्यात अजून खोदकाम होतं, उरलेलं शिसं-जस्त काढायला.

मला काळजी वाटते ती त्या शेडची. ज्या पिढीनं डब्यातून दगड आणले ती संपत आली आहे. मुलं ॲडलेडला, मेलबर्नला, पर्थला. कपाटं विकली जातात, संग्रह फुटतात, चांगले तुकडे लिलावात परदेशी जातात. गेले तर जाऊ देत; जपले तरी जातील. पण चिठ्ठी सुटली की दगड मुका होतो. कोणता लेव्हल, कोणतं साल, कुणी काढला, हे गेलं की तो निव्वळ सुंदर वस्तू. संशोधकाला त्याचा उपयोग निम्म्यानं कमी, आणि त्या जोडीदाराचं नाव कायमचं पुसलेलं. गावातल्या काही जणांनी चिठ्ठ्यांसकट संग्रह संग्रहालयाला दिले आहेत. म्हातारबोवांनीही तसंच ठरवलं आहे. त्यांच्या खणांतल्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून यादी टाइप करायचं काम मी अंगावर घेतलं आहे आणि निम्म्याहून जास्त झालं आहे.

महाराष्ट्रातही असे हात आहेत. वाघोलीच्या दगडखाणीतला निळाशार कॅव्हन्साइट, जळगाव-नाशिक-पुण्याच्या पाषाणातले अपोफिलाइट आणि स्टिलबाइट आज जगभरच्या संग्रहांत आहेत. खडी फोडणाऱ्या कामगारांनी ते पोकळीतून जपून काढले म्हणून. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात ते डोळे भरून पाहता येतात. पण काढणाऱ्याचं नाव कुठल्या चिठ्ठीवर असतं? मँगनीज पट्ट्यातल्या रोडोनाइटबद्दल तर कुणी विचारतही नाही.

डिसेंबरात नागपूरला जाणार आहे. मनसर, कांद्री, गुमगाव इथं बाबांच्या वेळचे कामगार आहेत, त्यांची मुलं आहेत. कुणाच्या फडताळात, देव्हाऱ्यामागे, तुळशीच्या कुंडीत एखादा गुलाबी किंवा तामडी दगड असेलच. दगड मला नको. कुठल्या खाणीतून, कोणत्या साली, कुणी आणला एवढं लिहून घ्यायचं आहे. कुणाच्या माहितीत असे लोक असतील तर मला जरूर कळवा. मी घरी येऊन भेटेन.